साताऱ्याचे छत्रपती आणि इंग्रजांचा शब्द (१८१८ ते १८४८) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८१८ मध्ये मराठी राज्य बुडाले असे आपण शाळेत शिकलो. मग त्यानंतर साताऱ्याला छत्रपती कसे होते?

१८१८ मध्ये बुडाली ती पेशवाई. त्याच वर्षी इंग्रजांनी साताऱ्यात छत्रपतींची गादी नव्याने मांडली आणि १० एप्रिल १८१८ रोजी प्रतापसिंह महाराजांना तिच्यावर बसवले. हे राज्य पुढे तीस वर्षे टिकले. पाठ्यपुस्तकात या तीस वर्षांना दोन ओळी मिळतात. खरे तर जिंकलेला बलाढ्य पक्ष दुबळ्या राज्याशी कसा वागतो, हे समजून घ्यायला इतके जवळचे आणि इतके कागदोपत्री नोंदलेले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. म्हणून हे पान.

युद्धाआधी छत्रपतींची अवस्था काय होती?

मान मोठा, सत्ता काहीच नाही. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत, पण छत्रपतींना गडाबाहेर पडायचे तरी पेशव्यांच्या माणसांची नजर असे. प्रतापसिंहांचे चुलते चतुरसिंग यांनी या कोंडीविरुद्ध हालचाल केली, तेव्हा त्यांना पकडून कांगोरीच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि तिथेच त्यांचा शेवट झाला.

नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी खडकीची लढाई झाली आणि पेशवा दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले. पळापळीत त्याने छत्रपतींनाही सोबत घेतले, कारण छत्रपती ज्याच्या छावणीत त्याची बाजू राज्याची, हे त्याला ठाऊक होते. इंग्रजांनाही ते तितकेच ठाऊक होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये पंढरपूरच्या बाजूला आष्टी येथे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. तेव्हा ते पंचविशीत होते. त्यांना सुटका झाल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

एल्फिन्स्टनने राज्य परत का दिले? सगळेच खालसा का केले नाही?

दया म्हणून नक्कीच नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन अनेक वर्षे पुण्याला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी होता. मराठी मुलुखातली माणसे, त्यांचे मानापमान, जातीजातींतल्या तेढी त्याला आतून माहीत होत्या. त्याच्या हिशेबात तीन गोष्टी होत्या.

बाजीराव अजून मोकळा होता. त्याने इंग्रज सेनानी जॉन मालकमपुढे शरणागती पत्करली ती जून १८१८ मध्ये. तोपर्यंत मराठे सरदारांना पेशव्यापासून तोडायचे तर त्यांच्यासमोर पेशव्याहून वरची गादी ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय होता. दुसरे म्हणजे, कंपनीच्या राज्यात ज्यांना जागा मिळणार नव्हती अशा हजारो शिलेदारांना आणि कारकुनांना कुठेतरी पोटापाण्याला लावायचे होते. आणि तिसरे, पुण्याच्या ब्राह्मण कारभाऱ्यांचे वजन कमी करायला मराठा राजा उपयोगी पडेल असा त्याचा होरा होता.

मात्र राज्य किती मोठे असावे, याचेही माप त्याने आधीच ठरवून ठेवले होते. महाराजांचा मान राहील एवढे, पण पुन्हा कोणी भोवती गोळा होईल एवढे नाही.

जाहीरनाम्यात एक आणि तहात दुसरे, असे म्हणतात. नेमके काय बदलले?

या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. त्यात रयतेला वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांची नेमणूक चालू ठेवण्याचे वचन होते. आणि छत्रपतींबद्दल म्हटले होते की, बाजीरावाच्या कैदेतून त्यांना सोडवून त्यांचा व त्यांच्या कुटुंबाचा इतमाम राहील एवढ्या *स्वतंत्र* राज्यावर बसवण्यात येईल. नुकताच हाती आलेला साताऱ्याचा किल्ला महाराजांच्या नावे करून त्यावर पुन्हा भगवा चढवण्यात आला. जाहीरनामा लोकांना वाचून दाखवला जातो, झेंडा लांबून दिसतो. लढाई चालू असताना दोन्हींचा उपयोग होता.

मग लढाई संपली. तह झाला २५ सप्टेंबर १८१९ रोजी, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळाने. त्याच्या पहिल्या कलमात राज्य महाराजांना आणि त्यांच्या *वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना* कायमचे दिले असे लिहिले आहे. उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर आणि विजापूरकडचा भाग अशी साधारण हद्द. पण दुसऱ्याच कलमात महाराजांनी हे राज्य इंग्रज सरकारच्या ताब्याखाली राहून, त्याला सहकार्य करत, सर्व बाबतींत इंग्रज एजंटाच्या सल्ल्याने चालवायचे असे येते. ‘स्वतंत्र’ हा शब्द गेला. तिसऱ्या कलमाने राज्याचे रक्षण इंग्रजांकडे गेले, चौथ्याने फौज वाढवायची किंवा कमी करायची तर त्यांची परवानगी.

पाचवे कलम सर्वात जाचक. महाराजांनी परराज्यांशी तर नाहीच, पण आपल्या हुकमतीबाहेरच्या कोणत्याही सरदाराशी, जहागीरदाराशी किंवा माणसाशी पत्रव्यवहार ठेवायचा नाही. घरातल्या मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी करायची तरी ती एजंटामार्फत. शिवछत्रपतींच्या वंशजाला लग्न जमवायला कंपनीच्या कॅप्टनची मध्यस्थी लागावी, हे वाचताना आजही मन खिन्न होते. हे कलम मोडले तर तहाने मिळालेले सगळे लाभ जातील, हेही तिथेच लिहून ठेवले होते.

सहाव्या कलमाने कारभार तूर्त एजंटाकडेच राहिला. महाराज आणि त्यांचे अधिकारी ‘तयार’ झाले की तो सोपवायचा. तयार झाले की नाहीत हे ठरवणार अर्थात एजंट.

हे तैनाती फौजेपेक्षा वेगळे कसे?

१८०२ चा वसईचा तह बाजीरावाने केला तेव्हा निदान कागदावर दोन सरकारांमधला करार होता, एकाने फौज द्यायची, दुसऱ्याने तिच्या खर्चाला मुलूख तोडून द्यायचा. साताऱ्याच्या तहात मुळात राज्यच इंग्रजांनी ‘दिलेले’ होते. देणारा आणि घेणारा अशी जोडी एकदा कागदावर आली की पुढे वाद पडला तर देणगीचा अर्थ देणाराच सांगतो. १८३९ मध्ये आणि पुन्हा १८४८ मध्ये नेमके तेच झाले.

पहिला एजंट ग्रँट म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफच का?

होय, तोच. कॅप्टन जेम्स ग्रँट १८१८ मध्ये साताऱ्याला आला तेव्हा तिशीही न गाठलेला होता. त्याने वसुली, न्याय, हिशेब यांची घडी बसवली. इतिहासासाठी लागणारी दफ्तरे, बखरी, घराण्यांच्या कैफियती त्याने याच मुक्कामात जमवल्या. त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये तीन खंडांत आला. ज्या घराण्याचा इतिहास लिहायचा, त्याच घराण्यावर अंमल चालवायचा, असा दुहेरी अधिकार त्याच्याकडे होता. त्याच्या ग्रंथाचे महत्त्व मी नाकारत नाही, पण वाचताना लेखक कोणत्या खुर्चीत बसला होता हे लक्षात ठेवावे.

प्रतापसिंहांना प्रत्यक्ष अधिकार कधी मिळाले? राज्यकर्ते म्हणून ते कसे होते?

५ एप्रिल १८२२ रोजी कारभार त्यांच्या हाती आला. ते कष्टाळू होते, कागद स्वतः पाहात, हिशेबात पक्के होते. त्यांनी रस्ते बांधले, शाळा चालवली, शहराच्या पाण्याकडे लक्ष दिले. महादऱ्याचा तलाव त्यांच्याच काळातला. लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांना हा कारभार इतका पसंत पडला की १८३५ मध्ये त्यांनी महाराजांसाठी मानाची तलवार आणि प्रशंसेचे पत्र धाडले.

ही तलवार महाराजांच्या हातात कधीच पडली नाही. मुंबई सरकारने ती अडवून ठेवली. तोवर मुंबईत वारे फिरले होते.

महाबळेश्वर इंग्रजांना कसे मिळाले?

अदलाबदलीने. १८२९ मध्ये गव्हर्नर जॉन मालकमच्या काळात महाराजांनी महाबळेश्वरची जागा दिली आणि त्या बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. मालकमपेठ हे नाव त्यावरूनच. या व्यवहारात कुठे जबरदस्ती दिसत नाही, संबंध गोडीचे होते. मात्र जो सल्ला ऐकायलाच हवा असे तहात लिहिलेले आहे, तो देणाऱ्याने जागा मागितली तर नाही कसे म्हणावे, हा प्रश्न मला पडतो.

संबंध बिघडले कशामुळे?

जहागिरींमुळे. तहाच्या सातव्या कलमाने भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मीरा या जहागीरदारांना इंग्रजांची हमी मिळाली होती. ते छत्रपतींचे चाकर, पण हमी कंपनीची. मग एखादा जहागीरदार निपुत्रिक वारला तर जहागीर कुणाकडे जावी? दत्तकाला मंजुरी कोणी द्यावी, नजराणा कोणी घ्यावा? महाराजांचे म्हणणे साधे होते: धनी मी, तेव्हा हक्क माझा. लंडनच्या संचालकांचा कल बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूला होता. मुंबईने मात्र निर्णय वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवला.

शेवटी महाराजांनी थेट लंडनला वकील पाठवायचे ठरवले. मुंबईच्या साहेबांना हे फार झोंबले. ज्या सरकारबद्दल तक्रार करायची, त्याच्याच हातून तक्रार पाठवायची अशी त्यांची अपेक्षा होती. मला तर वाटते, महाराजांचा खरा गुन्हा हाच होता. त्यांनी तहाचा कागद खरा मानला आणि त्यातली कलमे दोन्ही बाजूंना बांधतात असे समजून चालले.

त्यांच्यावर राजद्रोहाचे आरोप कोणते होते? त्यांत गोवा कुठून आले?

आरोप तीन. एक, कंपनीच्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न. दोन, गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर दों मानुएल द पुर्तुगाल इ कास्त्रु याच्याशी संधान बांधून पोर्तुगीज फौज आणण्याचा कट. तीन, पदच्युत होऊन जोधपूरला आश्रयाला राहिलेले नागपूरकर अप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार. तिन्हींचा रोख पाचव्या कलमावर आहे, हे पाहा. पत्र लिहिले एवढे सिद्ध झाले तरी राज्य घेता येत होते.

१८३६ मध्ये रेसिडेंट लॉडविक, लष्करी अधिकारी ओव्हान्स आणि मुंबई सरकारचा सेक्रेटरी विलोबी यांच्या समितीने साताऱ्यात बंद दाराआड चौकशी केली. महाराजांना पुराव्याचे कागद मिळाले नाहीत, बचावाची रीतसर संधी मिळाली नाही. पुढच्या वर्षी ओव्हान्स स्वतःच रेसिडेंट झाला. ज्याने चौकशी केली तोच आता पुरावे गोळा करू लागला.

गोव्याच्या आरोपाचा विचार जरा व्यवहाराने करावा. त्या काळचे पोर्तुगाल घरच्याच यादवीने पोखरलेले होते आणि इंग्लंडच्या आधारावर उभे होते. त्याने इंग्रजांविरुद्ध सातारकरांना फौज पुरवावी, हे संभवत नाही. त्या माजी गव्हर्नरानेही हा आरोप नाकारला. आणखी एक गोष्ट बोलकी आहे. समितीवर बसलेला लॉडविक पुढे विलायतेला गेल्यावर महाराजांच्या बाजूने उभा राहिला. ज्याने साक्षी स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या, त्याचाच त्या साक्षींवर भरवसा उरला नव्हता.

कारनॅकने माफी देऊ केली होती म्हणतात. मग महाराजांनी सही का केली नाही?

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर जेम्स कारनॅक साताऱ्याला आला. त्याने महाराजांपुढे एक कागद ठेवला. तह यापुढे काटेकोर पाळायचा आणि महाराजांचे कारभारी बळवंतराव चिटणीस यांना दूर करायचे अशा त्यातल्या अटी होत्या. त्या एकवेळ मान्य झाल्याही असत्या. पण कागदाच्या सुरुवातीलाच असे होते की, महाराजांनी तहाविरुद्ध वागणूक केली असून सरकार ती पोटात घालत आहे. सही केली तर राज्य राहणार, पण गुन्हा कबूल होणार.

अनेक जण विचारतात, नुसती एक सही करायला काय हरकत होती? राजकारणी माणसाने ती केली असती, राज्य वाचवले असते. मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे आणि माझे मत महाराजांच्या बाजूचे आहे. पाचव्या कलमाचा भंग आपल्याच सहीने कबूल केला असता, तर पुढच्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही कारणाने राज्य काढून घ्यायला तोच कागद पुरला असता. कोर्टकज्जात कोरा कागद सही करून देऊ नये हे आपल्याकडचा शेतकरीही जाणतो. महाराजांनी चौकशी मागितली, निवाडा मागितला. राज्य सोडेन, पण न केलेला अपराध कबूल करणार नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत बदलली नाही.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे फौजेने वाड्याला वेढा घातला. महाराजांना झोपेतून उठवून पालखीत बसवले आणि चार कोसांवरच्या लिंब गावी नेले. तिथून पुढे काशीला. त्या लांबच्या प्रवासात त्यांचे चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती दगावले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीतच वारले. एकही उघड खटला त्यांच्यावर कधी चालला नाही.

मग गादीवर कोण आले?

त्यांचे धाकटे भाऊ अप्पासाहेब, म्हणजे शहाजी राजे. भावाला काढून भावाला बसवल्यामुळे ‘राज्य तर आम्ही घेतले नाही’ असे इंग्रजांना म्हणता आले. अप्पासाहेब इंग्रजांच्या मर्जीने वागले, त्यांनी तक्रारीला जागा ठेवली नाही. त्याचा त्यांच्या वंशाला काही फायदा झाला नाही.

१८४८ मध्ये राज्य खालसा करायला कोणते कारण दिले?

५ एप्रिल १८४८ रोजी अप्पासाहेब वारले. त्यांना मूल नव्हते. मरणाच्या काही तास आधी, इंग्रज सर्जन हजर असताना, त्यांनी व्यंकोजी या मुलाला दत्तक घेतले. तिकडे काशीत प्रतापसिंहांचाही दत्तक मुलगा होता.

आता सगळा वाद पहिल्या कलमातल्या ‘वारस आणि उत्तराधिकारी’ या शब्दांवर आला. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा औरसासारखाच वारस, तेव्हा राज्य त्याचेच. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने हेच मत नोंदवले. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रेअर यानेही राज्य ठेवावे असेच लिहिले. म्हणजे इंग्रज सगळे एका माळेचे मणी होते असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण क्लार्क लवकरच पायउतार झाला. मुंबईच्या कौन्सिलात खालसा करण्याच्या बाजूचे टिपण लिहिले ते विलोबीने. बारा वर्षांपूर्वी बंद दाराआड चौकशी करणारा तोच विलोबी.

३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसीने निकाल लावला. दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य नाही. राज्याचा दत्तक वरिष्ठ सरकारच्या मंजुरीशिवाय चालत नाही आणि सातारा तर इंग्रजांनीच निर्माण केलेले राज्य. याच टिपणात तो हेही लिहितो की सातारा मुंबई इलाख्यातल्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मध्ये येते. धर्मशास्त्राचा कीस काढून झाल्यावर हे वाक्य येते, ते मला सर्वात खरे वाटते. जानेवारी १८४९ मध्ये संचालक मंडळाने निर्णयाला मान्यता दिली. मंडळातल्या काहींनी विरोधी मत नोंदवले, पण ते अल्पसंख्य.

१८१८ मध्ये दिलेले राज्य ‘स्वतंत्र’ होते. १८४८ मध्ये तेच ‘आम्ही दिले म्हणून आमचे’ झाले.

बाकीच्या मराठी राज्यांचे काय?

शिंद्यांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये, होळकरांनी जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरला तह केले आणि ती संस्थाने स्वातंत्र्यापर्यंत टिकली. नागपूरकर भोसल्यांचे राज्य साताऱ्याच्याच तत्त्वाने डलहौसीने गिळले. पायंडा साताऱ्याने पडला होता.

रंगो बापूजी कोण? त्यांना काय साधले?

रंगो बापूजी गुप्ते हे भोरकडच्या प्रभू घराण्यातले, महाराजांचे वकील. ते १८४० मध्ये लंडनला पोचले ते १८५३ च्या डिसेंबरपर्यंत तिथेच राहिले. परका देश, थंडी, अंगावर कर्ज, आणि मागे धनी काशीत कैदेत. त्यांनी अर्ज केले, कागदपत्रे छापून वाटली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत प्रश्न लावून धरला. पार्लमेंटचा सभासद जोसेफ ह्यूम, गुलामगिरीविरुद्ध लढणारा जॉर्ज थॉम्प्सन असे लोक महाराजांच्या बाजूने बोलले. मधल्या काळात महाराज वारले, मग राज्यही गेले, तरी हे तिथेच. त्यांना निवाडा मिळाला नाही. पण या प्रकरणाचा जो भरगच्च छापील पुरावा आज आपल्या हाती आहे, तो बराचसा या माणसाच्या चिकाटीमुळे आहे. सरकारी दफ्तरातली बाजूच तेवढी उरली असती, तर आज आपण प्रतापसिंहांना कटवालेच म्हणत बसलो असतो.

परतल्यावर त्यांचे काय झाले?

कायद्याची वाट चौदा वर्षे चालून पाहिलेला हा माणूस १८५७ मध्ये साताऱ्यातल्या उठावाच्या तयारीत होता. बेत फुटला. रंगो बापूजी निसटले आणि पुन्हा कुणालाही सापडले नाहीत. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले: काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. गेंडामाळावर आज त्यांचे स्मारक आहे. साताऱ्याला गेलात तर राजवाडा पाहून झाल्यावर तिथेही जाऊन या.